वीसचं ॲव्हरेज

शाळेची मिनीव्हॅन चालवणाऱ्या कौसल्या भिंगारेला संस्थेचे अध्यक्ष दौलतराव नाईकनवरे यांनी सगळ्या शिक्षकांदेखत झापलं.

"गाडीच्या माहितीपत्रकात लिटरला वीसचं ॲव्हरेज छापलंय आणि तू अकरा सांगतेस. बाकीचं डिझेल पितेस की विकतेस? उद्यापासून येऊ नकोस!"

"साहेब, मी सोलापूर शहरात चौदा ठिकाणी थांबून पोरं घेते. चौकाचौकात सिग्नल, वर एसी. वीस निघेल कुठून?"

"मग काय, छापलेलं खोटं असतं होय?"

"नाही ना! कागदाबरहुकूम चालवून दाखवते. तुम्हीच बसा."

दौलतरावांना मोहोळला स्वतःचा सत्कार करून घ्यायला जायचंच होतं. फुकटची गाडी मिळतेय म्हणून ते ऐटीत बसले.

हायवे लागताच कौसल्याने एसी बंद केला, काचा चढवल्या आणि काटा साठावर धरला. एप्रिल महिन्याची दुपार. अध्यक्षांचा कडक इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला.

"अगं, काच तरी उघड!"

"वारा शिरला की गाडी जास्त पिते, साहेब."

मोहोळ आलं. हार घेतलेली मंडळी, ताशेवाले, सगळे रस्त्याकडेला उभे. गाडी त्यांच्यासमोरून त्याच चालीत पुढे गेली.

"अगं, थांब! ब्रेक मार!"

"ब्रेक मारला की तुमचं वीस मोडतं. कागदात कुठंच थांबायचं नाही."

मागे ताशांचा आवाज बारीक होत गेला. दौलतरावांनी हात जोडले.

"अकराच बरोबर, कौसल्याबाई! उद्या वेळेवर या, पण आता थांबा!"

तेव्हा कुठे ब्रेक लागला.