आवळलेला नळ

"मग लोहचुंबक का चिकटत नाही, तेवढं सांग."

त्र्यंबकरावांनी चुंबकाचा तुकडा नळावर टेकवला आणि हात काढून घेतला. तुकडा खाली फरशीवर पडला.

दाऊद मिस्त्री न्हाणीघराच्या दारात उभा होता. त्याची पिशवी अंगणात उलटी केलेली होती. पाने, पक्कड, दोऱ्याचं रीळ, रबराच्या चकत्या, भाकरीचं फडकं... सगळं उन्हात पसरलेलं.

"पितळेला चुंबक चिकटत नाही, साहेब," तो म्हणाला. "वर नुसता मुलामा असतो."

"उत्तर तयारच होतं तुझं."

त्र्यंबकराव पागनीस पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं झाली होती. माणसाच्या डोळ्यांत बघून आपण खोटं ओळखतो, असं ते सांगत. वर्षभरापासून ते गडहिंग्लजच्या पुढे, टेकडीवरच्या आक्कांच्या मठात राहत होते. आक्कांनी त्यांना अजून गुरूपदेश दिला नव्हता. आपल्याविरुद्ध कुणीतरी आक्कांचे कान भरले असणार, असं त्यांना वाटे.

मठाच्या न्हाणीघरांसाठी एका भक्तानं पितळी नळ दिले होते. ते दाऊदनं बसवले. चार महिने झाले नाहीत तोच नळ गळू लागले. धार करंगळीएवढी झाली. चकाकी जाऊन काळे डाग पडले. त्र्यंबकरावांचा तपास तिथंच संपला. अस्सल नळ बाहेर गेले आणि त्यांच्या जागी नकली आले, दुसरं काय?

आठ दिवस दाऊद टाकीच्या कामाला येत होता. आठही दिवस फाटकाशी त्र्यंबकरावांनी त्याची झडती घेतली. साठीचा माणूस. मठाची पहिली पाइपलाइन त्याच्या बापानं टाकलेली. तो रोज मुकाट्यानं हात वर करून उभा राहिला.

आक्का ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

"आक्का, एवढंच मागतो," त्र्यंबकराव म्हणाले. "आजपासून याला फाटकाच्या आत घेऊ नका."

आक्कांनी एक शेंग सोलली. मग दुसरी.

"दाऊद, तुझं काय म्हणणं?"

"साहेबांना नको असेल तर मी येणार नाही, आक्का. पण चोर म्हणून जाणार नाही."

"हं..." आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि न्हाणीघरात आल्या. नळावरच्या डागांवरून त्यांनी बोट फिरवलं. "हे कशानं झालं?"

"मी घासत होतो, तेव्हा उघडकीला आलं," त्र्यंबकराव म्हणाले.

"कशानं घासत होतास?"

"संडासाच्या ॲसिडनं. अस्सल असता तर उजळला असता."

"ॲसिडनं अस्सल मुलामाही जातो, साहेब," दाऊद हळूच म्हणाला. "ओल्या फडक्यानं पुसला तरी पुरे असतं."

त्र्यंबकरावांनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं. इतकी वर्षं कोठडीसमोर काढली होती त्यांनी. निर्दोष माणूस अडखळतो. हा अडखळत नव्हता.

"आणि धार?" आक्कांनी विचारलं.

दाऊद पुढे झाला. नळाच्या तोंडाला बसवलेली बारकी जाळी त्यानं चिमटीत धरून फिरवली, काढली आणि तळहातावर आपटली. रेती निघाली. क्षाराचे पांढरे पापुद्रे निघाले.

त्यानं नळ सोडला. मनगटाएवढी धार खाली आपटली आणि त्र्यंबकरावांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला.

ते हलले नाहीत. दाऊदच्या हातातली जाळी घेऊन त्यांनी उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली.

"ही आत्ता बदलली यानं."

"बदलायला दुसरी कुठून आणू, साहेब?" दाऊद म्हणाला. "पिशवी तुम्हीच रिकामी केलीत."

त्र्यंबकरावांनी जाळी खाली ठेवली.

"गळतो कशानं मग?" त्र्यंबकरावांचा आवाज चढला. "नीट बंद करायची कुणालाच सवय नाही इथं. म्हणून प्रत्येकाची अंघोळ झाली की मी स्वतः जातो आणि आवळतो. तरी गळतो. काल आवळला त्यापेक्षा आज जास्त आवळावा लागतो. चांगला नळ असं करेल का?"

"आवळून दाखव," आक्का म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी मूठ घातली. पाणी थांबलं. त्यांनी आणखी फिरवला. मनगटावरच्या शिरा फुगल्या, नळ करकरला, तरी त्यांनी आणखी अर्धा वेढा दिला. मग ते बाजूला झाले.

तोटीच्या टोकाला एक थेंब जमला... आणि पडला.

"खोल," आक्का दाऊदला म्हणाल्या.

दाऊदनं अंगणातून पाना आणला. टाकीचा कॉक बंद केला, नळाचं डोकं उघडलं आणि आतली रबराची चकती आक्कांच्या हातावर ठेवली. चकतीत गोल खाच पडली होती, सुरीनं कापल्यासारखी. एका बाजूनं तर ती फाटून लोंबत होती.

"हे कसं झालं रे, दाऊद?"

दाऊदनं चकतीकडे पाहिलं. मग त्र्यंबकरावांकडे. मग परत चकतीकडे.

"झिजते, आक्का," तो म्हणाला. "रबर आहे शेवटी."

त्र्यंबकराव त्याच्या डोळ्यांत बघत होते. सगळा वेळ बघत होते.

"खोटं बोलतोय हा," ते म्हणाले.

दाऊदची मान खाली गेली.

"चार महिन्यांत इतकं झिजत नाही." त्र्यंबकरावांनी आक्कांच्या हातातली चकती उचलली. अंगठा त्या खाचेवरून एकदा फिरवला. खाच सगळीकडे सारखीच खोल होती. "...मी कापली ही. रोज थोडी थोडी."

 

त्र्यंबकराव अंगणात गेले. उन्हात उकिडवे बसले आणि एकेक हत्यार उचलून पिशवीत भरू लागले. पक्कड. रीळ. भाकरीच्या फडक्याला माती लागली होती, ती त्यांनी झटकली. झटकूनही जाईना, तेव्हा त्या फडक्याची घडी हातात धरून ते तसेच बसून राहिले.

शेवटी ते पिशवी घेऊन आले.

"दाऊद मिस्त्री," ते म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी असं म्हटलं. "तुमची पिशवी. आणि... उद्या या. बाकीचेही नळ बघायचे आहेत. फाटकाशी कुणी अडवणार नाही."

दाऊदनं पिशवी घेतली. तळाशी चाचपून नवी चकती काढली, बसवली, नळाचं डोकं परत लावलं आणि टाकीचा कॉक उघडला.

"बंद करा, साहेब. दोन बोटांनी. पाणी थांबलं की हात काढायचा."

त्र्यंबकरावांनी अंगठा आणि तर्जनी लावली. पाणी थांबलं. बोटं मात्र तिथंच राहिली. अजून थोडं फिरवावं म्हणून हात शिवशिवत होता. मोठ्या कष्टानं त्यांनी हात काढला.

आक्का ओट्यावर जाऊन पुन्हा शेंगा सोलायला बसल्या. दाऊद त्यांच्या मागून बाहेर पडला. त्र्यंबकराव सर्वांत शेवटी निघाले. उंबऱ्याशी त्यांचा पाय अडला. त्यांनी मान वळवून नळाकडे पाहिलं.

"बघू नकोस, त्र्यंबका," आक्का मान वर न करता म्हणाल्या. "गळला तर ऐकू येईल."