हमीचा कागद

"बुवा, परमुलखातल्या कोर्टात खोटी शपथ घेतली, तर पाप लागतं का?"

विचारणारे यशोधन कदमबांडे, पोलीस अधीक्षक. खंडोबाच्या डोंगराखालच्या या मठात लहानपणापासून येणारे. आज मात्र पाया पडायचंही त्यांना सुचलं नाही.

मैराळबुवा दिवटी पुसत होते. हात थांबला.

"कसली शपथ?"

"बाजारात बॉम्ब ठेवणारा तो… सात वर्षं परदेशात बसलाय. तिथलं सरकार म्हणतं, फाशी देणार नाही अशी हमी द्या, तरच हवाली करू. त्याच्या साथीदारांच्या फोनच्या नोंदी आहेत त्यांच्याकडे. त्याही अडवून ठेवल्यात."

"मग द्यायची हमी."

"सरकारनं दिली होती."

"आणि?"



जिल्ह्याला सगळं ठाऊक होतं. हमीचा कागद गेला त्याच दिवशी कदमबांडे साहेब टीव्हीवर मिशीला पीळ देत म्हणाले होते, "कागद कागदाच्या जागी, दोर दोराच्या जागी. एकदा हाती तर येऊ द्या!" टाळ्या पडल्या. आरोपीच्या वकिलाने तेच चित्रीकरण तिकडच्या न्यायाधीशांना दाखवलं, आणि सगळं अडलं. जिभेला हाड नसतं हे खरं, पण वर्दीतल्या माणसाने तरी ती सांभाळावी.

"परवा मला तिथे शपथेवर सांगायचंय," कदमबांडे म्हणाले. "सांगतो, फाशी होणार नाही म्हणून. एकदा इथे आणला, की फासापर्यंत मी पोचवतो."

बुवा उठले. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा त्यांनी साहेबांच्या उजव्या तळहातावर ठेवला. या मठात बेलभंडारा उचलून दिलेला शब्द कुणी फिरवत नाही. भावकीतली खुनाखुनी त्यावर थांबलेली आहे.

"म्हण. फाशी देणार नाही."

ओठ हलले… आवाज फुटला नाही.

"तिथे म्हणणार होतास ना?"

"तिथे… देव नाही."

"त्या न्यायाधीशाला हेच तर कळलंय."

साहेबांनी हात झटकन मागे घेतला. भंडारा जमिनीवर सांडला.

"तुम्ही हे बोलता?" ते ओरडले. "तुमचा सख्खा भाचा गेला त्या बाजारात! त्याला मारणारा फासावर चढावा असं नाही वाटत तुम्हाला?"

"वाटतं." बुवांचा आवाज कडवट झाला. "रोज वाटतं. आरती म्हणतानाही वाटतं."

"मग तरी त्याला जगू द्यायचं?"

बुवा खाली वाकून सांडलेला भंडारा बोटांनी गोळा करत राहिले…

"सात वर्षं जगतोच आहे की. मोकळा. तुरुंगाचं दारसुद्धा पाहिलं नाही त्यानं… तुझ्या दोरानंच राखलाय त्याला."