खाऱ्या पाण्यातली घोंगडी

फार फार पूर्वी, उंच डोंगरांमधल्या एका राज्यात गिरजा नावाची परटीण होती. लाकडाच्या राखेचं खारं पाणी करून ती त्यात सुती कपडे उकळत असे. कितीही मळकं धोतर असो, तिच्या हातून ते पांढरंशुभ्र होऊनच निघे.

एके वर्षी राणीला मुलगी झाली. बारशासाठी राणीने पेटीतून एक पांढरी घोंगडी काढली. त्या घोंगडीसाठी धुळा विणकराने दिलेल्या लोकरीचं सूत राणीच्या आईने स्वतः कातलं होतं. आई आता हयात नव्हती.

"गिरजाबाई, बाळाला हिच्यातच गुंडाळायचंय. जपून धुवा."

"दुधासारखी करून आणते, राणीसाहेब."

गिरजाने राख दुप्पट घातली, पाणी खळखळ उकळलं आणि घोंगडी आत सोडली. थोड्या वेळाने काठीने उचलायला गेली, तर काठीला पिवळट, बुळबुळीत लगदा लागून आला.

तो लगदा भांड्यात घेऊन ती वाड्यावर गेली. राणीपुढे ती म्हणाली, "लोकरच कुजकी होती."

राणीने रागाच्या भरात धुळाला बोलावून राज्याबाहेर जायला सांगितलं. म्हातारा हात जोडून वळला. त्याची वाकलेली पाठ बघून गिरजाला राहवलं नाही.

"थांबा! मी खोटं बोलले. घोंगडी माझ्याच हातून गेली. पण का गेली ते खरंच कळलं नाही. मी तर सगळं कसब पणाला लावलं होतं."

धुळाने लगदा बोटांवर चोळून पाहिला.

"कापूस झाडाचा, बाई. लोकर जिवाच्या अंगाची, आपल्या केसांसारखी. तिच्या एकेका तंतूत बारीक साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. उकळतं खारं पाणी ती पकड सोडवतं. कापूस त्यात उजळतो, लोकर विरघळते. तिला कोमट पाणी आणि रिठा पुरे."

राणीने धुळाची क्षमा मागितली. गिरजाला मात्र ती एवढंच म्हणाली, "शिक्षा देऊन आईचं सूत परत येणार नाही."

बारसं साध्या सुती दुपट्यात झालं. त्या हिवाळ्यात गिरजा रोज धुळाच्या अंगणात बसून लोकर धुवायला शिकली. पण ती घोंगडी गेली ती गेलीच.

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं, त्याची घडण आधी ओळखावी, नाहीतर आपलं कसबच त्याचा घात करतं.