सारजाआईची उलटी गाठ

फार वर्षांपूर्वीची, घाटाला रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती तेव्हाची ही हकीकत. घाटाच्या पायथ्याशी पाणवणे नावाचं गाव आहे. तिथे सारजाआई राहायची. तिला पाहिलेलं आज कोणी नाही, आणि तिला पाहिलेल्यांना पाहिलेलंही कोणी नाही. पण गावात पाहुणा आला की तिचं नाव निघतंच.

सारजाआईला नवरा नव्हता. एक मुलगा होता, धाकू. धाकू डावखुरा होता, आणि शिदोरीची गाठ तो उलटी मारायचा. बाकीचे लोक फडक्याचं उजवं टोक डाव्यावर घेतात, हा डावं उजव्यावर घ्यायचा. शेवटी टोक आरपार न ओढता त्याचा सशाच्या कानासारखा फास बाहेर ठेवायचा. ओझ्याने ती गाठ सुटत नसे, पण कान ओढला की एका हाताने सुटे. सारजाआईला ती मुळीच आवडत नसे.

पाणवण्याची माणसं तेव्हा बैलांवर मीठ लादून घाट चढत आणि वरून ज्वारी आणत. एका वर्षी होळी झाल्यावर धाकू त्या बैलांबरोबर निघाला. निघताना त्याने शिदोरी बांधली, ती तशीच.

सारजाआई म्हणाली, "अरे, माणसासारखी गाठ मार की कधीतरी. वाटेत सुटली तर कुत्रं खाईल भाकरी."

धाकू म्हणाला, "कुत्र्याला तरी आवडेल माझी गाठ."

"जा, जा. दात काढू नकोस."

निघणाऱ्याबरोबर वेशीपर्यंत जायचं, ही गावाची रीत होती. पण त्या दिवशी उखळात भात होता, आणि ती थोडी रागावलेलीही होती. ती गेली नाही.

पावसाच्या तोंडावर बैल परत आले. धाकू आला नाही. बरोबरचे लोक खाली मान घालून म्हणाले, "वर पार आत त्याला ताप भरला. चालवेना. एका विहिरीपाशी झाडाखाली बसला, म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून." कोणतं गाव, ते त्यांना सांगता येईना. ते परक्या मुलुखात होते आणि आभाळ भरून आलं होतं.

त्यानंतर सात वर्षं गेली. सारजाआई रोज दोन ताटं वाढायची आणि एक झाकून ठेवायची. मुलगा नाही हे तिला कळलं होतं. आईला ते कळतं. पण तो कसा गेला, हे कळलं नव्हतं. झाडाखाली एकटा गेला का? उपाशी गेला का? माझं ते शेवटचं बोलणं मनात घेऊन गेला का? हे तीन प्रश्न तिला झोपू देत नसत. असं म्हणतात, की त्या सात वर्षांत ती एकदाही हसली नाही.

आठव्या वर्षी थंडीत बिरू नावाचा एक धनगर घोंगड्या विकायला घाट उतरून आला. दुपारी तिच्या ओटीवर टेकला. तिने त्याला पाणी दिलं. त्याने शिदोरी पुढे ओढली, आणि एक कान ओढून एका हाताने सोडली.

सारजाआईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"ही गाठ तुला कोणी शिकवली रे, बाबा?"

"कोणी म्हणजे? आमच्या सासुरवाडीला असंच बांधतात. का गं, आई? वाईट आहे का?"

"उलटी आहे," सारजाआई म्हणाली, आणि रडायला लागली.

बिरूला काही उमगेना. बिचारा म्हणाला, "सरळ बांधतो, आई. रडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. तोवर तिने गावची नदीसुद्धा ओलांडली नव्हती. बरोबर एक लुगडं आणि आमसुलांचं एक गाठोडं घेतलं. बिरूने तिला घाट चढवून सासुरवाडीला नेलं आणि तो आपल्या वाटेला लागला. तिथल्या लोकांनी सांगितलं, गाठ उगवतीकडच्या गावाहून आली. मग ती त्या गावाला गेली.

आता बघा, गाठ शोधत जायचं म्हणजे घाई करून चालत नाही. माणसं शिदोरी सोडतात ती जेवायला बसल्यावर, म्हणून ती जेवायला बसेपर्यंत थांबावं लागतं. ती बसली की म्हणतात, तुम्हीही बसा. मग सांज होते, आणि घरची बाई म्हणते, आता कुठे जाता? त्यामुळे सारजाआई रोज एका गावात राही, आणि रोज नव्या घरी जेवी. जिथे एखाददुसराच उलटी गाठ मारी, तिथे तिला कळे की आपण वाट चुकलो. जिथे पोरंसोरंही तशीच बांधत, तिथे तिचा जीव हलका होई.

फुकट जेवणं तिला जमत नसे. म्हणून ती चुलीपुढे बसायची. तांदळाच्या पिठाची सवय असलेल्या तिच्या हातात ज्वारीची भाकरी फाटायची, आणि बाया पोट धरून हसायच्या.

"अगं बाई, ही भाकरी का म्हशीचा कान?"

"मग शिकव की. नुसती हसतेस काय?"

त्या तिला भाकरी थापायला शिकवत. ती त्यांच्या आमटीत दोन आमसुलं टाकी, आणि घरातला म्हातारा वाटी पुन्हा पुढे करी. निघताना ती त्यांना दोन आमसुलं देई, आणि त्या तिच्या पदरात शेंगांची चटणी, लसणीच्या चार कुड्या, जे घरात असेल ते बांधत. ते ती पुढच्या घरी देई. असं म्हणतात, की बेचाळीस गावं झाली तरी तिचं आमसुलांचं गाठोडं सरलं नाही. आणि वाटेतल्या नदीला अवेळी पूर आला होता, तो तिला पाहून घोट्यापर्यंत उतरला, असंही म्हणतात.

त्रेचाळिसावं गाव वाकेवडी. वेशीतच एका बाईच्या डोक्यावर कडब्याचा भारा होता, त्याला उलटी गाठ. खुंटीला लटकवलेल्या बियाण्याच्या पिशवीला उलटी गाठ. पाळण्याच्या दोरीलाही उलटीच. वेशीजवळ विहीर होती, आणि विहिरीशेजारी झाड. झाड बघून ती तिथेच थांबली.

विहिरीसमोरच्या घराच्या उंबऱ्यावर गिरजा नावाची म्हातारी डाळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. परकी बाई, घाटाखालचं नेसणं, आणि नजर गाठींवर. गिरजाच्या मांडीवरचं सूप घसरलं. ती आत बघून म्हणाली, "अहो, बाहेर या. आली ती."

तिचा नवरा सोनबा बाहेर आला आणि सारजाआईपुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बाई, गाव ठाऊक होतं मला. त्यानेच सांगितलं होतं. दोनदा घाटाच्या तोंडापर्यंत आलो. पण आईला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून मागे फिरलो. मुलगा आमच्या हातून गेला."

सारजाआई म्हणाली, "झाडाखाली नव्हता ना?"

"नाही, नाही. त्याच दिवशी उचलून आणला घरात. बरा झाला होता. पाऊसभर आमच्यात राहिला, पेरणीला लागला. दिवाळी झाली की निघणार होता. तेवढ्यात पुन्हा ताप आला. या घरात गेला, हिच्या मांडीवर."

"जेवला होता?"

"दूधभात," गिरजा म्हणाली. "मीच भरवला."

तिसरं विचारायला सारजाआईला धीर होईना. शेवटी म्हणाली, "माझ्यावर रागावला होता का?"

"रागावला?" सोनबा म्हणाला. "अहो, सगळ्या गावाला गाठ शिकवायचा आणि सांगायचा, माझी आई कधी इकडे आली तर तिच्यापुढे ही मारू नका. ओरडेल."

असं म्हणतात, की तेव्हा सारजाआई हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. ती हसली म्हणून गिरजा हसली, सोनबा हसला आणि खालीच बसला. सात वर्षं तिघांच्या छातीवर एकच धोंडा होता, तो एकदम उतरला. जमलेल्या माणसांना कळेना, हे काय चाललंय.

गिरजाने आतून धाकूचं गाठोडं आणलं. कान ओढला असता तर सुटलं असतं, पण त्यांनी सात वर्षं हात लावला नव्हता. सारजाआईने कान ओढला. आत ओंजळभर तांदूळ होते, घरचेच, तिने दिलेले. त्या दिवशी तिने ते शिजवले. असं म्हणतात, की त्या ओंजळीत अख्खी वाकेवडी जेवली आणि तळाशी एका माणसापुरता भात उरला. तो तिने स्वतः खाल्ला. त्यानंतर तिने दुसरं ताट कधी झाकून ठेवलं नाही.

निघताना तिने रिकामं फडकं घेतलं. त्यात गिरजाने ज्वारी घातली. सारजाआईने डावं टोक उजव्यावर घेतलं, कान काढला, ओढून पाहिला. म्हणाली, "बरी आहे की गाठ."

सोनबा आणि गिरजा तिच्याबरोबर पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत चालत गेले. तिथल्या लोकांनी तिला त्यांच्या हातून घेतलं आणि त्याच्या पुढच्या वेशीवर दिलं. अशी बेचाळीस गावांमधून हातोहात ती घरी आली. मग तिचं दार वाटसरूंना कायम उघडं राहिलं. ओळखीची नसलेली माणसं वरून येत, तिच्या ओटीवर राहत, आणि पाणवण्याची माणसं त्यांच्याकडे जात.

अजूनही होळीनंतर वाकेवडीची चार माणसं पाणवण्याला येतात, आणि दिवाळीनंतर पाणवण्याची चार माणसं तिकडे जातात. आता एसटी आहे, पण एकदा तरी चालत जावं असा संकेत आहे. दोन्ही गावांत पाहुण्याला निघताना कोणी रागावून बोलत नाही. उखळात भात असला, चुलीवर दूध असलं, तरी घरातलं कोणीतरी त्याच्याबरोबर वेशीपर्यंत जातं. त्याआधी पाहुणा आपली शिदोरी आपल्या हाताने बांधतो, त्याला येईल तशी. सरळ, उलटी, वेडीवाकडी. घरची बाई गाठीवरून एकदा हात फिरवते आणि म्हणते, "बरी आहे. चल."