गाठींचे दान

पूर्वी कुमुदवती नगरीत दृढवर्मा राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्वाने राजोद्यानातल्या हरणांच्या कुळात जन्म घेतला होता. कळपाचा तो नायक होता. उद्यानाला उंच कोट होता, आत गवत होते, तळे होते आणि शिकारीला मनाई होती. तरीही त्या वर्षी कळपातली अकरा हरणे मेली.

नगरात एक चाल होती. पौर्णिमेला लोक उद्यानात वनभोजनाला येत आणि उरलेला खारट भात चिंधीत बांधून हरणांपुढे टाकत. गाठ देणाऱ्याने सोडायची नाही. सोडली तर पुण्य सांडते, असे श्रेष्ठी पूर्णक सांगे, आणि ते सर्वांच्या सोयीचे होते. हरणे मिठाला हपापलेली. तुपामिठाने भिजलेली चिंधी ती भातासकट गिळत. बोधिसत्त्व त्यांना शिंगांनी मागे लोटी, पण तो एकटा होता आणि चिंध्या शेकडो.

मग त्याची हरिणी शामा गवताला तोंड लावीना. फासळ्या वर आल्या, आणि पोट मात्र टम्म फुगले.

त्या पौर्णिमेला श्रेष्ठीची पत्नी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं बाई, गाभण दिसते! हिला दोन गाठी जास्त टाका हो."

"टाक की! आपले काय जाते? उरलेलेच तर आहे," श्रेष्ठी हसला.

दुपार कलायच्या आत शामा मेली.

उद्यानपाल भद्रक दोर घेऊन आला. याआधीची अकराही त्यानेच मागच्या दाराने ओढून नेली होती. "बाजूला हो रे बाबा," तो बोधिसत्त्वाला म्हणाला. "महाराज यायचेत. लोकांचे जेवण कशाला नासवतोस?"

बोधिसत्त्व शिंगे खाली करून तिच्यापुढे उभा राहिला. तेवढ्यात राजा आलाच.

"माजलाय का हा?" राजाने विचारले.

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला. "राजन, मी कोणाला मारणार नाही. पण हिला मागच्या दाराने नेऊ देणार नाही. हिचे पोट इथे, सर्वांसमोर उघडा."

आपण काय मागतो आहोत, हे त्याला कळत होते. ज्या कुशीला टेकून तो सात हिवाळे झोपला होता, तिच्यावर सुरी चालणार होती. ती चालली, तेव्हा त्याने मान वळवली नाही.

पोटातून पाडस निघाले नाही. कोहळ्याएवढा गोळा निघाला. भद्रकाने तो तळ्याच्या पाण्यात धुतला, तशा एकेक चिंध्या सुट्या होऊ लागल्या. श्रेष्ठीच्या पत्नीने आपल्या जुन्या शेल्याचा काठ ओळखला आणि तोंडावर पदर घेतला. शेवटची चिंधी केशरी रेशमाची होती, हंसांच्या किनारीची. तसे रेशीम नगरात एकाच घरी वापरत. तिची गाठ बांधली होती तशीच होती.

"आम्ही प्रेमाने दिले होते रे," राजा म्हणाला.

"प्रेमाने दिलेत म्हणून काही गाठ सुटली नाही, राजन. भरल्या पोटी उपाशी मेली ती."

"आम्हाला काय ठाऊक!" श्रेष्ठी पुटपुटला.

"अकरा वेळा मागचे दार उघडले. एकदा तरी कोणी विचारले?"

राजाने घाईघाईने सांगितले, की उद्यापासून राजाच्या पाकशाळेतून कळपाला रोज ताजा घास येईल आणि नायकाची शिंगे सोन्याने मढवली जातील.

"तुमच्या हातचे काही नको," बोधिसत्त्व म्हणाला. "आणाल ते परत घेऊन जा. आम्हाला गवत पुरते."

राजाने तशी दवंडी पिटवली. पुढच्या पौर्णिमेला लोक उरल्या भातासकट आपापल्या पत्रावळी काखेत मारून घरी गेले. श्रेष्ठीला त्याचा अपमान वाटला, पण त्यालाही आपली पत्रावळ न्यावी लागली.

कैक जन्मांनंतर, विहाराच्या कोटाबाहेर खरकटे फेकून मुक्या जिवांची सोय झाली म्हणणाऱ्या भिक्षूंना त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा श्रेष्ठी म्हणजे हा भिक्षू लोलक. उद्यानपाल म्हणजे आपला द्वारपाल. राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा उपासक. ते हरीण मी होतो."

हरिणी कोण, हे विचारायला कोणी धजेना. शास्त्यांनी आपणहून सांगितले, "आज सकाळी जी मेलेली गाय तुम्ही कोटापलीकडे ओढून टाकलीत, तीच ती."

मग लोलकाने खाली मान घालून विचारले, "भंते, ही क्षमेची पारमिता, क्षमेच्या गुणाची पूर्णता ना?"

"नव्हे, सत्याची," शास्ता म्हणाले, आणि खरकटे उचलायला स्वतः उठले.