हिराजी नाखव्याचं उंच मशीन

एका खाडीकाठच्या गावात हिराजी नावाचा एक नाखवा होता. नाखवा म्हणजे होडीचा धनी. माणूस वाईट नव्हता, पण मिरवायची हौस दांडगी. त्यानं होडीच्या मागं टांगायचं नवं मशीन आणलं. लालभडक. मशीनचं डोकं पाण्याच्या वर, दांडा पाण्यात, आणि दांड्याच्या टोकाला पंखा. पंख्यानं पाणी मागं ढकलायचं, होडीनं पुढं जायचं. एवढं साधं काम.

बसवायला आलेला मिस्त्री म्हणाला, "नाखवा, पंख्याच्या वर ही आडवी पट्टी हाय ना, ती होडीच्या बुडाच्या बरोबरीत ठेवा. वर चढवू नका."

मिस्त्रीची पाठ वळली आणि हिराजीच्या मनात आलं, एवढं खाली बसवलं तर काठावरून दिसणार कुणाला? त्यानं होडीच्या मागच्या बाजूला वर एक जाड फळी ठोकली आणि मशीन तिच्यावर चढवलं. देव्हाऱ्यात देव बसावा तसं ते दिसायला लागलं.

बायको चांगुणा म्हणाली, "अवो, मशीनसंगं पंखापण वर आला की!"

"तुला मशिनीतलं काय कळतंय गो?" हिराजी गुरगुरला. त्याला तरी कुठं कळत होतं! पण एकटा मागं बसून हळूहळू हाकायचा तेव्हा होडी चालायची. त्यामुळं शहाणपणाला जागाच राहिली नाही.

पुढं त्याच्या लेकीचं, सुंद्रीचं लग्न ठरलं. नवरा खाडीपल्याडचा. त्या भागात मुहूर्त भटजी काढतात खरा, पण भरतीला विचारून. ओहोटी लागली की पल्याडच्या धक्क्यासमोर कमरेएवढा चिखल. शालू नेसलेली नवरी त्यातून काय पोहत जाणार? भरतीत पोचलात तर लग्न, नाहीतर पुढची तारीख. आणि व्याही काशा तांडेल असला खवट, की पुढची तारीख देईलच याची खात्री नव्हती.

वऱ्हाड होडीत चढलं. हिराजीनं फर्मान सोडलं, "समद्यांनी पुढं नाळेकडं बसा! मागं कुणी बसायचं नाय. मशीन झाकलं जातं."

सगळं वजन पुढं गेलं. होडीनं नाक पाण्यात घातलं आणि ढुंगण वर केलं.

खाडीच्या मध्यावर हिराजीनं ऐटीत मशीनची वेग वाढवायची मूठ पिळली. मशीन असं किंचाळलं की काठावरचे बगळे उडाले. मागं फेसच फेस, पण होडी जागची हलेना. मूठ सैल केली की जराशी सरकायची, पिळली की पुन्हा नुसती बोंबाबोंब. पंखा इतका वर आला होता, की पाण्याबरोबर वरची हवाही ओढत होता. हवा ढकलून होडी कधी चालली आहे का?

हिराजी म्हणाला, "पेट्रोलात भेसळ हाय." मग म्हणाला, "पंखाच मोडका दिला मेल्यानं." मशीन तिरपं करून पंखा पाहिला. पाती शाबूत. मग म्हणाला, "कुणाची तरी नजर लागली."

पलीकडं बाजा वाजत होता. आणि इकडं पाणी उतरायला लागलं. होडी हळूहळू समुद्राच्या दिशेनं वाहू लागली.

तेव्हा मुंडावळ्या बाजूला सारून सुंद्री म्हणाली, "बा, आज लगीन माझं हाय का मशीनचं?"

हिराजीनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा फेसाकडं. मग तोंड पाडून म्हणाला, "चुकलं माझं. मीच उंच बसवलं. आता मागं वजन पायजे. जाड बायकांनी मागं या!"

एकही बाई उठेना. जो तो, म्हणजे जी ती, शेजारणीकडं बघायला लागली.

"तू जा गो."

"मी कशाला? मी तर आजारपणात वाळून गेले. तूच जा, तुझ्याखाली फळी दिसत नाय!"

पाणी उतरतच होतं. शेवटी हिराजीची बहीण धाकू उठली. "मी हाय जाड. लपवून काय लपतंय? सरका!" ती सांभाळून मागं गेली आणि मशीनला खेटून बसली. एक गेली म्हटल्यावर आणखी दोघी गेल्या.

होडीचा मागचा भाग खाली बसला. पंखा खोल पाण्यात गेला. हिराजीनं बेतानं मूठ पिळली. किंचाळणं थांबलं, मशीन घुमायला लागलं आणि होडी सुटली ती सरळ पल्याडच्या धक्क्याला.

टेकण्यापुरतं पाणी उरलं होतं. धक्क्यावर व्याही मान उंच करकरून बघत होता. त्याला नुसती लुगडी दिसली.

"हिराजी, तुझं ते मशीन कुठं हाय?"

"खाली हाय, काम करतंय," हिराजी म्हणाला. "तुमी नवरी बघा."

तात्पर्य: जी वस्तू जिथं कामाला येते तिथंच ती ठेवावी, लोकांना दिसेल तिथं नव्हे. आणि अडलं की पेट्रोलाला नि नजरेला शिव्या घालत बसू नये; आपली चूक आपल्या तोंडानं कबूल करावी, म्हणजे वेळेत पोचता येतं.