नरसू कोळ्याची काहील

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि गावात येणारा प्रत्येक जण पाण्यावरूनच येत होता, तेव्हा डोहवाडीच्या घाटावर नरसू कोळी माणसांना या तीरावरून त्या तीरावर पोचवायचा. त्याच्याकडे नाव नव्हती, काहील होती. उसाचा रस आटवून गूळ करायची भली मोठी लोखंडी कढई असते ना, ती. तळ पातळ झाला म्हणून गुऱ्हाळवाल्याने टाकून दिलेली. नरसूने तिला डाग लावला आणि पाण्यात सोडली. तिच्यात मधोमध बसायचं आणि गप्प बसायचं. बोलायला म्हणून कुणी जरा इकडे तिकडे वळलं की काहील भोवऱ्यासारखी गरगरायची. म्हणून नरसूला बोलणारी माणसं आवडत नसत, असं म्हणतात. मला विचाराल तर त्याला माणसंच आवडत नसत, आणि आमचं गाव रोज बघावं लागल्यावर कुणाला आवडतील? मी नोकरीसाठी बाहेर राहतो, वर्षातून एकदा जातो, तरी मला पुरतं.

तसं गाव वाईट नाही. कुणाचं वाकडं चिंतत नाही. पण गावाला एक खोड आहे. बाहेरून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि घोटभर पाणी दिल्याशिवाय दारावरून पुढे जाऊ द्यायचं नाही. एका दाराने नव्हे, प्रत्येक दाराने. आणि माहेरवाशीण आली की विचारूच नका. आधी गूळपाणी, मग वाटीत काहीतरी, मग ओटी, मग "बस की जरा". नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर रागावत नाहीत, डोळ्यांत पाणी आणतात. रागावलेले परवडले.

गावाच्या पार टोकाला सगुणा नावाची विधवा बाई राहायची. तिची एकुलती एक लेक गोजरा. गोजराला नदीपलीकडे दिली होती. सासरी म्हशींचा मोठा गोठा, आणि म्हशी अशा नखरेल की गोजराशिवाय कुणाला धारेला उभ्या राहत नसत. म्हणून वर्षातून एकदा, संक्रांत झाली की, सकाळची धार काढून तिने निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं. माहेर म्हणून तिला मिळायचा तो एवढाच दिवस. सगुणा म्हातारी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची.

पहिल्या वर्षी गोजरा काहिलीतून उतरली, तर घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी तिला जागीच धरलं.

"अगं बया, गोजरा न्हवं का ही? कवा आलीस?" शेजारच्या काकीने विचारलं.

"ही काय, आत्ताच उतरले, काकी."

"किती वाळलीस गं! चल घरला. गुळाचा खडा तरी तोंडात घाल."

"आधी आईला भेटून येते की."

"आई काय पळून जातीया व्हय?"

आई काय पळून जातीया! हे आमच्या गावाचं लाडकं वाक्य. त्या दिवशी गोजराला ते दारोदारी ऐकावं लागलं. काकीच्या घरातून सुटली ती तेलिणीच्या घरात, तेलिणीकडून सुटली ती सुताराच्या ओसरीवर. पाटलीणबाईंनी तर तिला समोर बसवून शेवया वळायला घेतल्या. वळायला, बरं का, शिजवायला नव्हे. गोजरा आईच्या दारात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आईने सकाळी केलेल्या पोळ्या गार होऊन वातड झालेल्या, आणि हिचं पोट इतकं तुडुंब की घास जाईना. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला, तोवर म्हशींची वेळ झाली. गोजरा धावत घाटावर आली आणि काहिलीत मधोमध बसून रडली.

दुसऱ्या वर्षी ती शहाणपणाने शेतांतून आडवाटेने गेली. शेतांत काय माणसं नसतात? मोटेवरच्या गड्यांनी तिला बघितलं, बैल सोडले आणि तिच्यासाठी हुरड्याची आगटी पेटवली. इकडे गावात बातमी पोचली आणि घरं रुसली. "आता मोठ्या घरी पडलीया ती, आमच्या दारावरनं कशाला येईल?" त्या रुसव्यापायी बिचाऱ्या सगुणेला लेकीची वाट बघायची सोडून दारोदार समजूत काढत फिरावं लागलं. मायलेकी भेटल्या त्या पाणंदीत, उभ्या उभ्या, एक परत निघालेली आणि एक घरी निघालेली. कपाळाला हात लावावा की काय करावं, सांगा!

त्या संध्याकाळी नरसू आपण होऊन बोलला, असं म्हणतात. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असावं.

"दर साली रडत जातीस. माझी काईल गंजाय लागलीया. फुडल्या साली न्हाई रडायचं."

तिसऱ्या वर्षी थंडीत सगुणेने अंथरूण धरलं. संक्रांत झाली आणि गोजरा घाटावर आली ती पांढरीफटक पडून. काहिलीत बसली आणि म्हणाली, "तात्या, आईचं काय खरं न्हाई म्हनत्यात. आज मला तिच्यापाशी बसायचंय. निस्तं बसायचंय, बाकी कायबी नगं."

नरसूने वल्हं उचललं. समोर घाटावर बायकांच्या माना वर व्हायला लागल्या होत्या. आजारी आईला भेटायला आलेली लेक म्हणजे गूळ दुप्पट आणि उसासे चौपट, हे त्याला ठाऊक होतं. त्याने काहील घाटाकडे नेलीच नाही. खालच्या अंगाला बाभळीआड लावली, गोजराला उतरवलं आणि काहील उचलून उलटी डोक्यावर घेतली.

"शिर आत," तो म्हणाला.

आता मध्येच विचारू नका, की चार गड्यांना न पेलणारी काहील एकट्या माणसाने डोक्यावर कशी घेतली. मी तिथं नव्हतो. घेतली, असं म्हणतात.

तर अशी ती काहील गावातून निघाली. वर लोखंड, खाली चार पाय. आत अंधार, आणि जुन्या गुळाचा वास.

"काय रं नरसू, काईल कुनीकडं?" पारावरून कुणीतरी विचारलं.

"गळतीया."

"आन पाय चार कसं?"

"तुझं किती हाईत ते बघ आधी."

पण आमच्या गावाच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. सुताराच्या म्हातारीने त्या चार पायांतल्या दोन पायांत जोडवी बघितली. आत बाईमाणूस आहे, म्हणजे कुणाची तरी माहेरवाशीण आहे! कोण ते कळेना, पण कळायची गरज काय? पाहुणी ती पाहुणी. तोंड सापडेना म्हणून लोकांनी गुळाचे खडे काहिलीच्या बुडावर ठेवायला सुरुवात केली. मग नारळ, मग खण, मग सुपातले तांदूळ. जो तो लोखंडावर टकटक करून विचारायचा, "बाई, तू कोनाची गं?" आत गोजराच्या कानठळ्या बसत होत्या. नरसू दात ओठ खात चालत होता. गावच्या टोकाला पोचेपर्यंत काहिलीवर एवढा ढीग झाला, की नरसूची मान खांद्यांत रुतली ती पुन्हा कधी वर आली नाही, असं म्हणतात. आमच्या गावाच्या प्रेमाने मान मोडते, हे मात्र मी स्वतः सांगू शकतो.

सगुणेच्या दाराशी त्याने गोजराला आत सोडलं आणि काहील दारात आडवी लावली. तिचं बूड आता पुरतं फाटलं होतं. मग वल्हं मांडीवर घेऊन तो तिच्यापुढे बसला. दुपारपर्यंत गावाला उमगलं आणि सगळं गाव दाराशी जमलं. काकी रडत होती, पाटलीणबाई शेवया घेऊन उभ्या होत्या.

"गोजरा आलीया आन आमास्नी तोंड बी दावनार न्हाई?"

"ह्या दारातनं जो आत जाईल," नरसू म्हणाला, "त्यानं उद्यापास्नं नदी पवून जायाची."

कुणी हललं नाही.

आत मायलेकींचं काय बोलणं झालं, ते कुणालाही ठाऊक नाही. आमच्या गावात असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. कुणी म्हणतात, गोजराने आईची वेणी घातली. कुणी म्हणतात, आई नुसती तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली आणि दोघी गप्प होत्या. पण एवढं सगळे सांगतात, की त्या दिवशी सूर्य पाटलाच्या माडीवर अडकून राहिला, आणि पलीकडच्या म्हशींनाही संध्याकाळ झाल्याचं कळलं नाही. गोजरा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. दुसरी कुणाची तरी काहील मागून आणून नरसूने तिला पार केलं, आणि ती रडली नाही.

होळीच्या आत सगुणा गेली.

तेव्हा मात्र गावाला लागलं. आपण गूळ देत होतो आणि म्हातारीचा दिवस खात होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. सगळे पारावर बसले, डोळे पुसले आणि त्यांनी ठरवलं, की इथून पुढे माहेरी आलेल्या माणसाकडे बघायचंसुद्धा नाही. तो आपल्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. शपथ घेतली, ग्रामदैवताचा भंडारा उचलून. चांगलं ठरवलं. पण आमचं गाव ते! अक्कल आली ती नेमकी कधी, ते बघा.

पुढच्या संक्रांतीला गोजरा आली. माहेरी आता कुणी नव्हतं. घर झाडावं, दिवा लावावा, एवढ्यासाठी आली. घाटावर उतरली तर धुणं धुणाऱ्या सगळ्या बायका पाठ करून उभ्या.

"काकी?" तिने हाक मारली.

काकीचे खांदे हलले, पण तोंड वळलं नाही. तेलीण पाठमोरी, सुतार पाठमोरा, पाटलीणबाई पाठमोऱ्या. सबंध गावातून ती एकटी चालत गेली आणि कुणी तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. दाराला कडी होती. नरसूची जुनी काहील तिथेच भिंतीला टेकून होती. गोजरा दारापुढे उभी राहिली. तिला कडी काढवेना. आई नसलेल्या घराचा उंबरा ओलांडवेना. आणि तिने तो ओलांडल्याशिवाय गाव बोलणार नव्हतं, कारण शपथ होती! ती तशीच उभी, गाव तसंच उभं. असला पेच फक्त डोहवाडीत पडू शकतो.

शेवटी ती पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. "अगं, कुनीतरी बोला की माझ्याशी!"

इकडे घाटावर नरसूला गावातून आवाज ऐकू येईना. एवढी शांतता म्हणजे काहीतरी मोठा घोळ झालाय, हे ओळखून तो वल्हं घेऊनच धावला. गावभर पाठी बघितल्या, पायरीवर लेक बघितली, आणि त्याचं माथं फिरलं.

"आरं, आई व्हती तवा हिला सोडत नव्हता, आन आई न्हाई तवा बोलत न्हाईसा! कुनाकडं निघालीया ती आता? तुमच्याबिगर कोन हाय तिला?"

असं म्हणून त्याने जुन्या काहिलीवर वल्हं हाणलं. दोनदा. तो आवाज घुमत पलीकडच्या सात गावांत गेला, असं म्हणतात. अख्खं गाव एकदम वळलं. सगळ्यात आधी काकी धावली. तिच्या मुठीत सकाळपासून गुळाचा खडा होता, तो वितळून कोपरापर्यंत ओघळला होता.

नरसू जाऊन किती काळ लोटला, कुणी सांगू शकत नाही. पूल झाला, एसटी आली. ती काहील आता स्टँडवरच्या पिंपळाला टांगलेली आहे, आणि नरसूच्या घराण्यातलं कुणीतरी तिथे हातात वल्हं घेऊन बसलेलं असतं. गावी येणाऱ्याची घरी कुणी वाट बघत असेल तर एक ठोका पडतो. तो पडला की दुकानदार, हॉटेलवाला, शाळेतली पोरं, सगळे पाठ फिरवतात, आणि त्याला घरापर्यंत कुणी अडवत नाही. नवे जावई अपमान झाला म्हणून रुसतात, त्यांना समजावत बसावं लागतं, तो वेगळाच ताप. आणि ज्याचं घरी कुणी उरलेलं नसेल, त्याच्यासाठी दोन ठोके पडतात.

यंदा दिवाळीला मी एसटीतून उतरलो. पहिला ठोका पडला. सवयीने मी खाली मान घालून घराच्या दिशेने चालायला लागलो. मग दुसरा पडला.

सगळी दारं उघडली. चहावाल्याने हात धरला, त्याच्याकडून शिंप्याच्या आईने ओढून नेलं, तिथून आणखी कुणी. प्रत्येक ठिकाणी खा म्हणून आग्रह, प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न, प्रत्येक ठिकाणी "बस की जरा". नुसता वैताग. दिवेलागण झाली तरी कुणी सोडायला तयार नाही. आणि मलाही कुठे पोचायचं नव्हतं.